दोष पाण्याचा, खापर नशिबावर

मत्स्यपात्र ही आता केवळ बड्या घरच्या दिवाणखान्यातली वस्तू राहिलेली नाही. परभणीसारख्या जिल्ह्याच्या गावीही दुकानाच्या गल्ल्याजवळ, डॉक्टरांच्या दवाखान्यात, मध्यमवर्गीयांच्या घरी टीव्हीशेजारी काचेची पेटी दिसते. छंद चांगला आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती मासा मेल्यावर जे बोलले जाते त्याबद्दल. ‘घरावरचे संकट माशाने आपल्या अंगावर घेतले’ असे म्हणून आपण मोकळे होतो आणि पुढच्या रविवारी नवा मासा आणतो. महिन्याभरात तोही संकट घेऊन जातो! ज्या घरावर दरमहा एवढी संकटे येतात, त्या घरच्या पेटीत काय चालले आहे हे पाहण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही.

माझे मत असे की, पेटीतला मासा आजारी दिसतो तेव्हा बहुतेक वेळा आधी पाणी बिघडलेले असते. म्हणून निदानाची सुरुवात पाण्यापासून झाली पाहिजे; औषधाच्या बाटलीची पाळी शेवटी.

मासा कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजूनही अमोनियाच तयार होतो. नदीत तो वाहून जातो, पेटीत साचतो. त्याचा बंदोबस्त करतात ते फिल्टरच्या स्पंजवर व तळाच्या वाळूत राहणारे जिवाणू. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिली दोन विषारी. तिसरे पुष्कळच सौम्य. हे जिवाणू नव्या पेटीत स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपण मात्र शनिवारी पेटी मांडतो आणि रविवारी दहा मासे सोडतो. पुढे स्वच्छतेच्या हौसेने दर आठवड्याला सगळी पेटी उपसून स्पंज नळाखाली खळखळून धुतो. नळाच्या पाण्यातले क्लोरीन त्या जिवाणूंचा फडशा पाडते. पाणी आरशासारखे दिसते आणि त्यातच मासा गुदमरतो. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रजाने पाणवनस्पती, गोगलगाय आणि गोल्डफिश यांचा मेळ घालून पाणी टिकवता येते हे मांडले. तो व्यवसायाने रसायनशास्त्रज्ञ होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आपल्याकडे या दुखण्याला दोन गोष्टींची भर पडते. आपला जिल्हा काळ्या पाषाणावर वसलेला. बोअरचे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी. आंघोळीच्या बादलीवर बसणारा पांढरा थर त्याची साक्ष देतो. पाण्याचा सामू ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी भाग सुमारे दहापट होतो. उष्णतेनेही तो वाढतो. शिवाय २५ अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात ८ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३५ अंशाला ७ हून कमी. म्हणजे वैशाखात माशाचा श्वास आधीच आखडलेला असतो, आणि त्यात रात्री वीज गेली की हवेचा पंप बंद! सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड वासून दिसतात, तेव्हा वास्तुदोष शोधण्याचे प्रयोजन नाही.

मासा बोलत नाही हे खरे. पण त्याचे वागणे बोलते. सगळे मासे एकदम बिघडले तर पाण्याचा संशय घ्यावा. एकच बिघडला तर आजाराचा किंवा भांडणाचा. पाणी बदलल्यावर लगेच तडफड झाली तर क्लोरीन आठवावे. मासा दगडाला अंग घासत असेल तर परजीवी असू शकतात. शेपटी फाटली म्हणजे ती कुजलीच असे नाही. शेजारचा टायगर बार्बही ती कुरतडतो. फायटर आणि गुरामी हे जातीनेच वरची हवा घेतात. त्यांना रोगी ठरवू नये. नर गोल्डफिशच्या कल्ल्यांवर विणीच्या काळात पांढरे ठिपके येतात, तोही आजार नव्हे.

पांढऱ्या ठिपक्यांचा खरा रोग वेगळाच. त्यात ठिपके अंगभर मिठासारखे विखुरतात. त्याचा परजीवी कातडीखाली असतो तोवर औषध त्याला शिवत नाही. पुरा वाढला की तो गळून तळाशी जातो आणि तिथे त्याची शेकडो पिल्ले होतात. औषध लागू पडते ते या पोहणाऱ्या पिल्लांना. लोक मात्र ठिपके दिसेनासे झाले की ‘बरा झाला’ म्हणून औषध बंद करतात! नेमकी तीच वेळ औषध चालू ठेवण्याची असते.

याहून चिंतेची गोष्ट म्हणजे कारण न शोधता पेटीत टाकलेली टेट्रासायक्लिनची कॅप्सूल. ती बिचाऱ्या उपयोगी जिवाणूंनाही इजा करते, आणि ते पाणी शेवटी गटारात जाते. अर्धवट मात्रेला सरावलेले जंतू उद्या माणसाच्या वाट्याला येणार नाहीत, याची हमी कोणी द्यावी?

‘वीस-तीस रुपयांच्या माशासाठी एवढा खटाटोप कशाला?’ असे कोणी विचारील. जीव पैशांनी मोजायचा नसतो, हे एक उत्तर झाले. दुसरे असे की, काचेआडच्या चार माशांच्या बाबतीत ज्याला कारण शोधण्याचा कंटाळा येतो, तो घरातल्या तापालाही दृष्ट लागली म्हणून मोकळा होतो. सवय एकच आहे.

खटाटोप तरी कितीसा? एक वही ठेवावी: तारीख, तापमान, पाणी कधी व किती बदलले, नवा मासा कधी आला, कोण जेवला नाही. आठवड्याला चौथा हिस्साच पाणी बदलावे, तेही दिवसभर उघडे ठेवून क्लोरीन उडालेले. स्पंज पेटीच्याच काढलेल्या पाण्यात पिळावा. जड पाण्यात गप्पी आणि मॉली सुखाने नांदतात. ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातल्या निऑन टेट्राचा हट्ट सोडावा. अमोनिया तपासण्याचा संच बाजारात मिळतो. शंका उरलीच तर आपल्याच गावात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यात उदगीरला मत्स्यविज्ञानाचे. आपल्या वसतिगृहात किंवा घरी ज्यांच्याकडे पेटी आहे, त्यांनी नवा मासा आणण्यापूर्वी ही वही निदान दोन महिने लिहून पाहावी, एवढीच माझी विनंती आहे.