विद्यार्थी म्हणायचे की कामगार?

अमेरिकेत दरवर्षी वसंत ऋतूत एक वाद हटकून रंगतो. महाविद्यालयात बास्केटबॉल खेळणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांनी आपली पदवी पुरी करावी, की शिक्षण अर्ध्यावर सोडून व्यावसायिक संघांच्या 'ड्राफ्ट'साठी नाव द्यावे, हा तो वाद. ड्राफ्ट म्हणजे 'एनबीए' या व्यावसायिक संघटनेतील ३० संघांनी नव्या खेळाडूंची आपापसांत केलेली वाटणी. तिच्या दोन फेऱ्या होतात आणि त्यांत सुमारे ६० खेळाडू निवडले जातात. एखाद्या संघाने खेळाडूचे नाव घेतले की संघटनेतील अन्य कोणत्याही संघाशी त्याला बोलणी करता येत नाहीत. पहिल्या फेरीतल्या खेळाडूंचे वेतनही १९९५ पासून क्रमांकानुसार आखलेल्या श्रेणीतच ठरते. म्हणजे केव्हा जायचे एवढेच त्या मुलाच्या हाती. कोठे जायचे आणि किती मोलाने, हे मालकांनी ठरवायचे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही ग्राहकांची मक्तेदारी होय.

या वादाचा सूर बहुधा उपदेशाचा असतो. मुले पैशाच्या मोहाला बळी पडतात, त्यांना विद्येची चाड नाही, असे सांगितले जाते. प्रस्तुत लेखकाची हयात वर्गात शिकवण्यात गेली. तेव्हा त्याने पदवीचा पक्ष घ्यावा, हे ओघानेच आले. परंतु या प्रश्नाचा इतिहास पाहता विद्येचे नाव पुढे करून अर्थव्यवहार मात्र दुसऱ्याच कोणाचा चालला होता, असे दिसते.

१९७१ पूर्वी नियम असा होता की शाळा संपल्यावर चार वर्षे लोटल्याखेरीज कोणाही खेळाडूला एनबीएत प्रवेश नाही. स्पेन्सर हेवूड या मिसिसिपीतील कृष्णवर्णीय तरुणाने तो मोडला. त्याची आई कापूस वेचण्याचे काम करीत असे. सिअ‍ॅटलच्या संघाने त्याच्याशी करार केला तेव्हा संघटनेने हरकत घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७१ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती डग्लस यांनी त्याला खेळू देण्याचा मनाई हुकूम पुन्हा लागू केला. संघटनेने माघार घेतली, पण कशी? शिक्षण सोडून येणाऱ्याने आपल्या आर्थिक हलाखीचा पुरावा द्यावा, अशी अट तिने घातली. मजुरीला जाण्यासाठी दारिद्र्याचा दाखला! ही अट १९७६ मध्ये गेली.

पुढे १९९५ मध्ये केविन गार्नेट, १९९६ मध्ये कोबी ब्रायंट आणि २००३ मध्ये लेब्रॉन जेम्स हे शाळेतून थेट व्यावसायिक मैदानावर उतरले आणि थोर खेळाडू ठरले. तरीही २००५ मध्ये मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात नवा करार झाला. किमान वय १९ आणि अमेरिकन खेळाडूची शाळा संपून किमान एक वर्ष झालेले असावे, अशी अट आली. एका वर्षात कोणाला पदवी मिळते? हा नियम विद्येसाठी होता, असे म्हणायला त्यामुळे जागाच राहत नाही. मालकांना मुलाची पारख करायला एक वर्ष फुकट मिळाले आणि महाविद्यालयांना उत्तम खेळाडू एक वर्ष बिनपगारी मिळाला. खेळाडूंच्या संघटनेनेही याला मान्यता दिली, हे खेदाने नमूद केले पाहिजे. दाराच्या आत असलेल्याने बाहेर उभ्या असलेल्याला विसरणे, हा कामगार चळवळीचा जुना दोष आहे.

महाविद्यालयीन खेळाचे नियमन करणाऱ्या 'एनसीएए'चा इतिहास याहून बोलका आहे. १९५५ मध्ये कोलोरॅडोतील एक महाविद्यालयीन फुटबॉलपटू सामन्यातील दुखापतीने मरण पावला. त्याच्या विधवेने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये ती नाकारली. अशा मागण्यांना पायबंद बसावा म्हणूनच 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द रूढ करण्यात आला. १९५१ पासून १९८७ पर्यंत या संस्थेची धुरा वाहणारे वॉल्टर बायर्स यांनीच १९९५ मधील आपल्या पुस्तकात याची कबुली दिली आहे.

त्या शब्दाच्या आडोशाने केवढा व्यापार उभा राहिला! वार्षिक बास्केटबॉल स्पर्धेच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणाचे हक्क २०१० मध्ये १४ वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलरना विकले गेले. २०१४ ची स्पर्धा जिंकणाऱ्या कनेक्टिकट विद्यापीठाच्या शबाझ नेपियरने मात्र त्याच सुमारास सांगितले की काही रात्री आपण उपाशीपोटी झोपतो. बोभाटा झाला आणि काही दिवसांतच पोटभर जेवणास अनुमती देणारा ठराव संमत झाला. २०१९ च्या फेब्रुवारीत ड्यूक विद्यापीठाच्या झायन विल्यमसनचा बूट भर सामन्यात फाटला आणि त्याचा गुडघा दुखावला. सुदैवाने इजा गंभीर नव्हती. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये तो पहिला निवडला गेला. पण तो गुडघा कायमचा गेला असता तर? सामन्याचे उत्पन्न अनेकांचे होते, जोखीम मात्र एकट्या त्याची होती.

येथे अर्थशास्त्राचा साधा हिशेब पाहावा. खेळाडूचे भांडवल म्हणजे त्याचे शरीर आणि ते नाशवंत असते. पदवी पुढेही घेता येते. पंचविशीतले गुडघे चाळिशीत परत मिळत नाहीत. मायकेल जॉर्डनने १९८४ मध्ये एक वर्ष आधी महाविद्यालय सोडले आणि १९८६ मध्ये भूगोलाची पदवी घेतली. टिम डंकन मात्र दिवंगत आईला दिलेल्या शब्दाखातर चारही वर्षे शिकला आणि १९९७ मध्ये ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. दोघांचेही निर्णय योग्यच होते. पण २००२ मध्ये शाळेतूनच नाव देणाऱ्या लेनी कुकला कोणत्याही संघाने घेतले नाही. एजंटाशी करार केला की महाविद्यालयाचे मैदान कायमचे बंद, असा तेव्हाचा नियम होता. चूक कोवळ्या वयाची आणि शिक्षा जन्माची!

मुले केवळ लोभापायी जातात, या आरोपाची परीक्षा अलीकडे आपोआप झाली. २०२१ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएच्या विरोधात एकमुखी निकाल दिला. जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातींचे उत्पन्न घेण्याची मुभा मिळाली आणि २०२५ च्या जूनमधील न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठेही त्यांना थेट पैसे देऊ लागली. २०२१ मध्ये मुदतीपूर्वी ड्राफ्टला नाव देणारे ३५३ होते. २०२५ मध्ये ते १०६ वर आले. महामारीमुळे मिळालेल्या जादा वर्षाने पहिला आकडा फुगला होता, हे मान्य करूनही कल स्पष्ट आहे. श्रमाचा मोबदला मिळू लागताच मुले महाविद्यालयात राहू लागली.

म्हणून सारे आलबेल झाले असे नाही. आज पैसा प्रामुख्याने नामवंतांकडे जातो आणि बाकावर बसणाऱ्याच्या वाट्याला थोडेच येते. अधिक मोलाच्या शोधात मुले दरवर्षी विद्यापीठे बदलतात. अभ्यास मागेच राहतो. डार्टमथ महाविद्यालयाच्या खेळाडूंनी २०२४ च्या मार्चमध्ये १३ विरुद्ध २ मतांनी कामगार संघटना स्थापण्याचा कौल दिला, पण वर्षअखेरीस त्यांना अर्ज मागे घ्यावा लागला. मजुरी आली, मजुराचा दर्जा मात्र आला नाही.

येथे मला माझा एक विद्यार्थी आठवतो. १९९१ मध्ये तो बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. एस.टी.त वाहकाच्या नोकरीचा हुकूम घेऊन तो माझ्याकडे आला. "परीक्षा होईपर्यंत थांब," मी म्हणालो. "सर, तोवर घर कोणी चालवायचे?" त्याने नम्रपणे विचारले. मी निरुत्तर झालो. तो गेला. पुढे नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून, नोकरी सांभाळून, त्याने पदवी घेतली आणि पेढे घेऊन घरी आला. त्याला तारले ते माझ्या उपदेशाने नव्हे, उघड्या राहिलेल्या दाराने.

अमेरिकेतील मुलांनाही हेच दार हवे आहे. २०१८ च्या सुधारणेने शिक्षण सोडून गेलेल्या बास्केटबॉलपटूला परत येऊन पदवी पुरी करण्याचा खर्च देऊ केला, पण त्यासाठी किमान दोन वर्षांची शिष्यवृत्ती झालेली असावी, अशी अट होती. ज्याला वयाच्या नियमानेच एक वर्ष आणून बसवले, तोच नेमका वगळला गेला! ज्या विद्यापीठाने मुलाच्या खेळावर एक हंगामही उत्पन्न मिळवले, त्याने पुढे त्याला हवे तेव्हा विनामूल्य शिकवले पाहिजे. मैदानावर झालेल्या इजेचा खर्च तो विद्यापीठ सोडून गेल्यावरही दिला पाहिजे, आणि संघटित होऊन वाटाघाटी करण्याचा त्याचा हक्क मानला पाहिजे. एवढे झाल्यावर एकोणिसाव्या वर्षी कोणी जावे आणि कोणी राहावे, हे त्या मुलावर आणि त्याच्या आईवर खुशाल सोपवावे. त्यांना आपला संसार आपल्यापेक्षा अधिक कळतो.