तान्ह्यांना जागा कुठे?

बाळंतपणाची रजा संपत आली की नोकरदार आईची पाळणाघरांना फोनाफोनी सुरू होते. पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘बाळ किती महिन्यांचं?’ पाच म्हटलं की उत्तरही ठरलेलं : ‘चालायला लागलं की आणा.’ पुण्या-मुंबईत पाळणाघरांच्या पाट्या खूप दिसतात. अंगावर पिणारं बाळ ठेवून घेणारी त्यांतली थोडी. तान्ह्यांना भरवणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोपेतही त्यांच्यावर नजर ठेवणं, याला माणसं जास्त लागतात. त्या माणसांना रास्त पगार द्यायचा तर फी सामान्य घराला परवडत नाही. म्हणून चालकही तान्ही बाळं टाळतात.

मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने मातृत्व रजा 26 आठवड्यांची झाली. त्यांतले आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेतले, तर आई कामावर रुजू होते तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचं असतं. त्याच दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा दिली. पण या सोयीचा खर्च मालकावर टाकून सरकार मोकळं झालं. छोट्या दुकानात, दवाखान्यात काम करणारी किंवा चार घरची धुणीभांडी करणारी आई या तरतुदीच्या बाहेरच राहिली. तिचं तान्हं बाळ अनेकदा शाळा बुडवलेल्या थोरल्या बहिणीच्या कडेवर असतं.

2016 मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण सीसीटीव्हीत दिसली आणि राज्य हादरलं. पाळणाघरांना परवाना हवा, तपासणी हवी, ही मागणी तेव्हा झाली. ती रास्तच होती, आजही आहे. पण जागा न वाढवता नुसते नियम कडक केले, तर दोन खोल्यांत मायेने चार बाळं सांभाळणाऱ्या काकू आधी दार लावतील आणि मोठ्या फीची पाळणाघरं तेवढी टिकतील. आईपुढे मग परवाना नसलेली, कुणाचीच नजर नसलेली जागा उरेल.

परवाना आणि पैसा बरोबरच यायला हवा. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघर चालवता येतं. महाराष्ट्राने शहरांतल्या वस्त्यांमध्ये ती नेटाने राबवावी. महापालिकांनी घरगुती पाळणाघरांना प्रशिक्षण द्यावं, सोपी नोंदणी करावी आणि तान्ह्या बाळामागे थेट अनुदान द्यावं. कुठे किती जागा आहेत, किती महिन्यांचं बाळ घेतात, शेवटची तपासणी केव्हा झाली, याची प्रभागवार यादी सर्वांसाठी खुली ठेवावी. आणि 50 कर्मचाऱ्यांच्या नियमाची अंमलबजावणी कामगार खात्याने प्रत्यक्ष जाऊन तपासावी.

बाळ वर्षाचं होईपर्यंत त्याला कोण सांभाळणार, हा प्रश्न आज आजी, शेजारीण किंवा राजीनामा सोडवतो. तो सरकारने सोडवायचा आहे. येत्या अर्थसंकल्पात महापालिकांनी तान्ह्यांच्या पाळणाघरांसाठी स्वतंत्र तरतूद केलीच पाहिजे.