दोनशे एकावे युनिट

विजेवर चालणारी मोटार विकणारा विक्रेता गिऱ्हाइकापुढे एकच आकडा ठेवतो : किलोमीटरला रुपया. हा आकडा खोटा नाही. परंतु ज्या गुणाकारातून तो निघतो त्यात घराच्या वीजबिलाचा विचारच केलेला नसतो, आणि टिळकवाडीतल्या काय किंवा निपाणीतल्या काय, पगारदार कुटुंबाला अखेर भरावयाचे असते ते घराचे बिल. सबब ह्या प्रश्नाचा पैपैचा हिशेब एकदा मांडणे प्राप्त आहे.

प्रथम गाडीची भूक पाहू. टाटांच्या टियागोसारख्या लहान मोटारीच्या मोठ्या बॅटरीत 24 युनिटे वीज मावते. भिंतीतून 24 युनिटे घेतली की बॅटरीत 24 युनिटे पडतात असे मात्र नाही. घरातली वीज बॅटरीला मानवेल अशी करून घेताना व तारांतून नेताना दहा-पंधरा टक्के वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते, आणि मीटर ती वाया गेलेली वीजही इमानाने मोजतो. हे सर्व जमेस धरून मीटरवरील एका युनिटामागे सहा किलोमीटर हा अंदाज गावातल्या रहदारीस सावध ठरेल. रोज 28 किलोमीटर गाडी चालवणाऱ्याची महिन्याची धाव 840 किलोमीटर झाली, म्हणजे 140 युनिटे.

ही 140 युनिटे कोणत्या दराची, हा खरा प्रश्न होय. 2025-26 च्या दरपत्रकात कर्नाटकातील घरगुती विजेचा दर युनिटास 5 रुपये 80 पैसे ठरला. त्याप्रमाणे 812 रुपये होतात. विक्रेत्याचा रुपया तो हाच. पण येथे 'गृहज्योती' योजना आडवी येते. 2023 साली सुरू झालेल्या ह्या योजनेच्या नियमांप्रमाणे 2022-23 मधील आपल्या मासिक सरासरीवर दहा टक्के वाढ धरून तेवढी वीज फुकट मिळते. त्याहून जास्त पण 200 युनिटांच्या आत वापर झाला, तर वरच्या युनिटांचे तेवढे पैसे पडतात. मात्र 200 चा आकडा ओलांडला की त्या महिन्याची सवलत समूळ जाते व पहिल्या युनिटापासूनचे सारे बिल अंगावर येते.

सरासरी 120 युनिटे वापरणाऱ्या कुटुंबाचे उदाहरण घ्या. त्याचा फुकट विजेचा हक्क 132 युनिटांचा. आजवर बिल शून्य. मोटार घरी आली आणि वापर 260 युनिटांवर गेला. आता 260 युनिटांचे 1508 रुपये, मंजूर भार तीन किलोवॉट असल्यास किलोवॉटमागे 145 प्रमाणे स्थिर आकाराचे 435 रुपये, आणि वर वीजकर व अधिभार. एकूण रक्कम दोन हजारांच्या पुढे जाते. शून्याचे दोन हजार झाले ते केवळ मोटारीपायी. तेव्हा हा सारा खर्च मोटारीच्याच नावे मांडला पाहिजे. किलोमीटरला रुपया नव्हे, अडीच रुपयांच्या आसपास! ह्यातही चमत्कार असा की 200 युनिटांवर थांबणारा मनुष्य हक्कापलीकडच्या 68 युनिटांचे पैसे देतो, आणि त्याचे 201 वे युनिट फिरले की तो 201 युनिटांचा देणेकरी होतो. एका युनिटाची एवढी किंमत जगात क्वचितच कोठे पडत असेल.

हा केवळ कर्नाटकी कारभाराचा दोष, असे कोणी म्हणू लागेल तर त्याने चंदगड-गडहिंग्लजच्या आप्तांची बिले मागवून पाहावीत. महावितरणच्या 2024-25 च्या दरपत्रकात 101 ते 300 युनिटांच्या टप्प्यास वहन आकारासह युनिटामागे 11 रुपये 46 पैसे पडत होते. म्हणजे तिकडच्या 120 युनिटांच्या घरात मोटारीची 140 युनिटे झाडून सारी ह्या महाग टप्प्यात गेली : 1604 रुपये, करांखेरीज. 100 युनिटांच्या आतला स्वस्त दर घरातले दिवे-पंखेच खाऊन टाकतात; मोटारीच्या वाट्याला तो येतच नाही. मोटारीचा खर्च बिलाच्या सरासरी दराने काढू नये, शेवटच्या युनिटाच्या दराने काढावा, हे दोन्हीकडे सारखेच खरे आहे.

तरीही पेट्रोल महागच. लिटरास 18 किलोमीटर धावणाऱ्या गाडीला ह्याच 840 किलोमीटरांसाठी सुमारे 47 लिटर लागते, आणि लिटर शंभर रुपयांचा धरला तरी 4700 रुपये होतात. तेव्हा विजेची मोटार घेऊ नका असा आमचा सल्ला नाही. जी बचत चार हजारांची म्हणून सांगितली जाते ती पावणेतीन हजारांहूनही कमी भरते, आणि गाडीच्या वाढीव किमतीचा हप्ता त्याच बचतीतून फेडावयाचा असतो, एवढे ध्यानी घेऊन सही करावी.

मोटारवाल्यास फुकट वीज द्या असेही आमचे मागणे नाही. ती योजना ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच लाभावी. मागणे इतकेच की मोटारीच्या युनिटांनी स्वयंपाकघराच्या युनिटांना शिक्षा होऊ नये. वाहनांच्या विजेचा निराळा वर्ग दरपत्रकात आहेच. त्या वर्गाचा दुसरा मीटर घरमालकास हेलपाट्यांवाचून मिळाला, तर मोटारीचे पैसे तो आनंदाने भरील. अर्ज करण्यापूर्वी दुसऱ्या मीटरचा स्थिर आकार किती बसतो हे मात्र ज्याने त्याने विचारून घ्यावे. गाडी थोडी चालणाऱ्याला तो परवडेलच असे नाही.

आणि ज्याला दारच नाही त्याचे काय? शहापूर-वडगावच्या जुन्या वाड्यांत भाडेकरू पुष्कळ. मीटर मालकाच्या नावाचा, गाडी गल्लीत, तारा जुन्या पाच अँपियरच्या. घरी चार्ज करावयाचे तर निदान पंधरा अँपियरचा स्वतंत्र सॉकेट, भक्कम अर्थिंग आणि आठ-नऊ तास अखंड वीज हवी. खिडकीतून सोडलेल्या जोडवायरीवर हा भार टाकणे म्हणजे आगीस आमंत्रण. अशा माणसाला सार्वजनिक केंद्राकडेच जावे लागते, आणि तेथल्या आकारावर 18 टक्के वस्तू व सेवा कर बसतो. स्वतःच्या अंगणात गाडी लावणाऱ्याच्या घरगुती विजेवर हा कर नाही. वाड्यांच्या गल्ल्यांत महानगरपालिकेच्या दिव्याच्या खांबांना मीटर लावलेले साधे सॉकेट बसवता येतील काय, ह्याचा विचार नगरसेवकांनी येत्या अंदाजपत्रकापूर्वी करावा.