बंद लखोटा

नळदुर्गला पाहुणे आले की आम्ही त्यांना किल्ल्यातला पाणीमहाल दाखवायला नेतो. पावसाळ्यात बोरी नदी भरली की बंधाऱ्यावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात. पाहुणे हमखास विचारतात, "दारं कोण उघडतं?" कुणीच नाही. पाणी ठरावीक उंचीला चढले की आपली वाट आपणच धरते.

परवा हे सांगताना मला १९९४ सालचा प्लेग आठवला. किल्लारीच्या भूकंपाला वर्ष होत आले होते. ऑगस्टात बीड जिल्ह्यातल्या मामला गावी रुग्ण आढळले, सप्टेंबरात सुरतेहून बातम्या येऊ लागल्या. बँकेत खातेदार तोंडाला रुमाल बांधून येत. औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन दिसेनासे झाले.

प्लेगचा जीवाणू पिसूच्या पोटात असतो तेव्हा भोवती साधारण २६ अंशांची थंडाई असते. पिसू चावली की तो आपल्या ३७ अंशांच्या रक्तात उतरतो. घर बदलले हे त्याला कळते कसे? ना डोळे, ना मेंदू.

जनुकातला हुकूम आधी आरएनएच्या चिठ्ठीवर उतरतो आणि ती वाचून प्रथिन तयार होते. आमच्या शाळेत आरएनए म्हणजे नुसता जासूद, असेच शिकवले होते. पण प्लेगच्या जीवाणूतली एक चिठ्ठी थंडीत स्वतःवरच दुमडून बसते. वाचन जिथून सुरू व्हायचे नेमकी तीच जागा घडीत झाकली जाते. ऊब लागली की घडी सुटते, प्रथिन तयार होते आणि ते हल्ल्याच्या साऱ्या जनुकांना जागे करते. मग सूक्ष्म सुया आपल्या पांढऱ्या पेशींत विष टोचतात. बँकेत मंजुरीपत्राला साहेबाची सही लागायची. इथे कागदच साहेब!

तापमानानुसार हे वाचन बदलते, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले ते १९९३ साली, म्हणजे भूकंपाच्याच वर्षी. प्लेगच्या एका भाऊबंद जीवाणूत ती घडी उलगडताना जर्मनीत २०१२ साली दिसली.

टेट्रासायक्लिन चिठ्ठीला हात लावत नाही, ते वाचणारे यंत्रच बंद पाडते. लखोटा फुटतो, पण वाचणार कोण? म्हणूनच ते रुग्णाला वेळेवर मिळायला हवे. निरोग्याने भीतीपोटी गिळले तर पोटातले साधे जीवाणू तेवढे औषधाला सरावतात. हे शहाणपण आज सुचते आहे. तेव्हा मीही रांगेत उभा राहून दहा कॅप्सूल आणल्या होत्या. पुढे कपाट आवरताना त्या सौभाग्यवतींना सापडल्या, मुदत उलटून गेलेल्या.