सहल की शिवाशिवी?

मैत्रिणींनो, आपल्या संभाजीनगरात संसार करायचा म्हणजे वर्षातून चारदा तरी पाहुण्यांना वेरूळ दाखवणं आलंच! दिवाळीत आमच्याकडे नाशिकहून ह्यांचे आतेभाऊ सहकुटुंब आले होते. एका दिवसात देवगिरीचा किल्ला, वेरूळ, घृष्णेश्वर, पाणचक्की आणि मकबरा! वेरूळला चौतीस लेणी; त्यांनी कैलास तेवढं पाहिलं, तेही घड्याळाकडे बघत. रात्री पानं वाढताना मी विचारलं, "काय आवडलं सगळ्यांत?" वहिनी म्हणाल्या, "छानच होतं हो सगळं, पण आता एकात एक मिसळून गेलंय."

मी मनातल्या मनात हसले. पण पुढच्याच आठवड्यात आमच्या घरी काय घडावं? लग्नाला बारा वर्षं झाली, आता एकदा युरोप पाहून यायचं असं ठरलं होतं. ह्यांनी यादी काढली. लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम, कोलोन, झुरिक, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम. बारा रात्री आणि नऊ गावं! "एवढा खर्च करून जायचं, तर सगळं पाहून घेऊ," हे म्हणाले. सासूबाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "अरे, ही सहल की शिवाशिवी?"

त्या शब्दानं माझे डोळे उघडले. वाणसामानाच्या वहीचं मागचं पान घेतलं आणि हिशेब मांडला. नऊ गावं म्हणजे आठदा गाव बदलणं. प्रत्येक वेळी सामान आवरा, खोली सोडा, स्टेशन गाठा, गाडी, नवं गाव, नवी खोली, आणि ती खोली बहुधा दुपारी दोन-तीननंतरच हाती येणार. गाडीचा प्रवास दोनच तासांचा असला तरी अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. आठ अर्धे म्हणजे चार दिवस. बारांतले चार दिवस बॅगा ओढण्यात! शिवाय लंडनसाठी वेगळा व्हिसा, वेगळी फी. लंडन तिथल्या तिथे खोडलं.

मग घरातल्या प्रत्येकानं एकच इच्छा सांगायची असं ठरलं. लेक म्हणाली बर्फ. हे म्हणाले आयफेल टॉवर. माझी पाळी आली तेव्हा मी पटकन म्हणून गेले, "रोम." ह्यांना नवलच वाटलं. पण बी.ए.ला माझा विषय इतिहास, आणि शाळेत दरवर्षी मी सातवाहन शिकवते. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' ह्या ग्रीक ग्रंथात आपल्या पैठणचं आणि तेरचं नाव आहे. पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तेरहून तलम कापड गाड्यांत भरून भडोचला जायचं, आणि तिथून जहाजानं रोमन लोकांच्या मुलखाकडे. पंधरा वर्षं फळ्यावर बाण काढून दाखवला, तो कुठे जाऊन थांबतो ते एकदा डोळ्यांनी पाहावं, एवढंच. आजवर सहल म्हटली की मी सगळ्यांचे डबे, औषधं, स्वेटर ह्यांचा विचार करत आले. 'मला काय बघायचंय' हे पहिल्यांदाच कुणी विचारलं, आणि उत्तर तयार होतं ह्याचं माझं मलाच आश्चर्य वाटलं.

तर आमचा बेत असा झाला: पॅरिस चार रात्री, ल्युसर्न तीन, रोम पाच. गावं तीनच. पॅरिसहून बाझेलला गाडी बदलून ल्युसर्न साडेचार-पाच तासांवर. तिथून मिलानमार्गे रोमला जाण्यात बहुतेक दिवस जातो, पण वाटेत गोट्हार्डचा सत्तावन्न किलोमीटरचा बोगदा लागतो, जगातला सर्वांत लांब रेल्वेबोगदा. फ्लॉरेन्सही सुटलं नाही. रोमहून वेगवान गाडीनं दीड तासात जाऊन संध्याकाळी परत येता येतं, बिऱ्हाड हलवावं लागत नाही.

आता तुमच्या उपयोगाच्या चार गोष्टी सांगते.

विमानाचं तिकीट जाता-येता एकाच गावाचं घेऊ नका. जाताना मुंबई-पॅरिस आणि येताना रोम-मुंबई असं घ्यावं. त्याला 'मल्टि-सिटी' म्हणतात. नाहीतर विमानासाठी रोमहून पुन्हा पॅरिस गाठण्यात एक दिवस आणि तेवढे पैसे फुकट जातात.

फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली धरून एकोणतीस देशांना मिळून एकच शेंगेन व्हिसा चालतो. पण अर्ज कुणाकडे करायचा? जिथे मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे. मुक्काम सारखेच असतील तर जिथे आधी पाऊल पडणार तिथे. आम्ही उतरणार पॅरिसला, पण पाच रात्री रोममध्ये, म्हणून अर्ज इटलीकडे. निघण्याआधी सहा महिन्यांपासून अर्ज देता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तरी द्यावाच लागतो. मे महिन्यात सगळ्यांच्याच मुलांना सुट्टी, तेव्हा दिवाळीचा फराळ संपला की कागदपत्रांना लागावं. जून २०२४पासून मोठ्यांची फी नव्वद युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांची पंचेचाळीस, शिवाय अर्ज घेणाऱ्या केंद्राचं शुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तर फी परत मिळत नाही. म्हणून खोल्या घेताना विनाशुल्क रद्द करता येतील अशाच घ्याव्यात. निदान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमाही लागतो. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने तरी चालू हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत.

तिसरी गोष्ट खास आपल्या बायकांची: नाव. माझ्या पदवीवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, आणि एका कागदावर मधलं नाव गाळलेलं! पासपोर्टवर जे नाव, अगदी तेच, अक्षर न् अक्षर, तिकिटावर, विम्यावर आणि खोलीच्या पावतीवर हवं. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे अशी पासपोर्टची सक्ती नाही. माहेरचं ठेवा नाहीतर सासरचं घ्या, पण सगळीकडे एकच चालवा.

चौथी, आठवडी सुट्टी. वेरूळ मंगळवारी बंद आणि अजिंठा सोमवारी, हे ठाऊक नसलेले पाहुणे कसे हिरमुसतात ते आपण पाहतोच. पॅरिसचं लूव्ह्र संग्रहालयही मंगळवारीच बंद! व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात, महिन्यातला शेवटचा रविवार तेवढा वगळून. कॅलेंडर समोर ठेवूनच मुक्काम ठरवावेत.

आणि हो, साजूक तुपाची बरणी, पेढे घरीच राहू द्या. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आपल्याकडून तिकडे नेता येत नाहीत. मेतकूट, भाजणी, कोरड्या चटण्या पुरे. स्वित्झर्लंडमध्ये बाहेर जेवणं फार महाग, म्हणून ल्युसर्नला स्वयंपाकघर असलेली खोली घेतली आहे. सामान मात्र स्वतःला उचलता येईल एवढंच. तिकडे हमाल मिळेल ह्या भरवशावर राहू नये.

गेल्या आठवड्यात अर्ज भरायला बसलो. त्यात एक प्रश्न असतो, प्रवासाचा खर्च कोण करणार? स्वतः, की दुसरं कुणी? ह्यांनी सवयीनं 'पती' लिहायला पेन उचललं. मी म्हटलं, "थांबा." अर्धवेळ नोकरीतून दरमहा थोडे थोडे करून बारा वर्षं साठवलेत. सगळ्यांचा खर्च नाही भागणार, पण माझा माझ्यापुरता भागतो. मी 'स्वतः'समोर खूण केली आणि माझ्या बँकेचा उतारा मागे जोडला. हे काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं आपणहून चहा टाकून आले.

व्हिसा मिळतो की नाही, ते पासपोर्ट परत येईल तेव्हा कळेल. तोवर ह्यांची जुनी नऊ गावांची यादी वहीतच आहे. ती फाडली नाही. उरलेली गावं पुन्हा कधीतरी. पाहुण्यांना आपण तेच सांगतो ना, "अजिंठा राहिलाय, त्यासाठी परत या!"