फॉरमॅट मारण्याआधी जरा थांबा!

एक्सेलमध्ये शेवटचा फॉर्म्युला टाकलात, एंटर मारलं आणि... स्क्रीन काळी! दोन-तीन सेकंदांत मदरबोर्ड कंपनीचा लोगो हजर. ना वॉर्निंग, ना सॉरी. पीसीने परस्पर ठरवून टाकलं, आता रिस्टार्ट व्हायचं.

पहिल्यांदा असं झालं की आपण लाइटला दोष देतो. दुसऱ्यांदा कॅबिनेटला एक चापटी. तिसऱ्यांदा मात्र कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन जातो. त्याचं उत्तर तुम्हालाही पाठ असेल : ‘व्हायरस असणार. फॉरमॅट मारून देतो.’ पैसे जातात, दोन दिवस जातात, कधी कधी घाईगडबडीत गोव्याच्या ट्रिपचे फोटो आणि वर्षभराच्या इन्व्हॉइसेसही जातात. आणि पुढच्या मंगळवारी पीसी पुन्हा रिस्टार्ट!

म्हणून या आठवड्यात हाच विषय. वर्क फ्रॉम होम, एडिटिंग किंवा गेमिंगसाठी ज्यांच्या टेबलावर अजूनही डेस्कटॉप आहे, त्यांनी हे पान कापून ठेवायला हरकत नाही. पीसी उगाच रिस्टार्ट होत नाही. कारण बहुतेक वेळा चारपैकी एक असतं : वीज, उष्णता, मेमरी किंवा सॉफ्टवेअर. फॉरमॅट हे फक्त चौथ्यावरचं औषध, तेही नेहमी नाही. वर तो विंडोजने लिहून ठेवलेल्या सगळ्या नोंदीही पुसून टाकतो. म्हणजे चोरी झाल्यावर पोलीस यायच्या आधी घर झाडून-पुसून घेण्यातला प्रकार!

पहिलं काम बॅकअप

पीसी सुरू राहतोय तोवर कामाच्या फाइल्स एक्स्टर्नल हार्डडिस्कवर किंवा क्लाउडवर टाका. फाइल सेव्ह होत असतानाच करंट गेला तर ती फाइल खराब होऊ शकते. त्यामुळे दुरुस्तीचे प्रयोग बॅकअपनंतरच.

जातो कसा, ते बघा

डॉक्टर जसं विचारतात, ‘ताप कधी येतो? थंडी वाजते का?’, तसंच इथेही.

स्क्रीनवर ‘अपडेट्स’चा मेसेज आला आणि पीसी शिस्तीत बंद होऊन सुरू झाला, तर हे विंडोज अपडेटचं काम. सेटिंग्जमध्ये जाऊन ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’ तुमच्या कामाच्या वेळेप्रमाणे लावा. विषय संपला.

निळी स्क्रीन चमकून गेली, तर विंडोजला आतून धक्का बसलाय. ड्रायव्हर, मेमरी किंवा हार्डडिस्क हे पहिले संशयित. (विंडोज ११ मध्ये २०२५ पासून ही स्क्रीन काळी झाली आहे, अर्थ तोच.)

आणि फ्यूज उडाल्यासारखा सगळा खेळ एका क्षणात बंद झाला, तर बोट विजेकडे किंवा उष्णतेकडे दाखवायचं.

विंडोजला बोलतं करा

गंमत अशी, की निळी स्क्रीन आली तरी विंडोज ती आपल्याला धड वाचू देत नाही. क्रॅश झाल्यावर आपोआप रिस्टार्ट व्हायचं, अशी त्याची मूळ सेटिंगच आहे. ती आधी बंद करा. स्टार्टच्या सर्चमध्ये ‘व्ह्यू अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज’ टाइप करा. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’च्या सेटिंग्ज उघडा आणि ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’समोरची टिक काढा. आता पुढच्या वेळी एरर स्क्रीनवर थांबेल. मोबाइलने फोटो काढा. टेक्निशियनसाठी तो फोटो म्हणजे एक्स-रे!

दुसरी जागा ‘रिलायबिलिटी हिस्टरी’. सर्चमध्ये हे शब्द टाकलेत की कोणत्या दिवशी काय कोसळलं, याचं कॅलेंडरच समोर येतं. लाल फुलीच्या आदल्या दिवशी एखादा नवा ड्रायव्हर किंवा सॉफ्टवेअर टाकलंय का, ते बघा. टाकलं असेल तर आधी तेच काढून पाहा.

‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये गेलात तर ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी लाल नोंद दिसेल. ती बघून अनेकजण घाबरतात. पण तिचा अर्थ इतकाच : ‘मागच्या वेळी मी नीट बंद झालो नव्हतो.’ ते तर आपल्यालाही माहीत आहे! मात्र ‘१०७४’ क्रमांकाची नोंद असेल, तर रिस्टार्टची ऑर्डर सॉफ्टवेअरनेच दिली होती. कोणत्या प्रोग्रॅमने दिली, त्याचं नावही तिथेच लिहिलेलं असतं.

अर्ध्या तासाची टेस्ट

आता सगळ्यात सोपी आणि फुकट टेस्ट. पीसी सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू दाबून बायोसमध्ये जा आणि तिथेच अर्धा तास सोडून द्या. तेवढ्यात एक चहा होतो. बायोसमध्ये असताना विंडोज सुरूच झालेलं नसतं. तिथेही पीसी रिस्टार्ट झाला, तर विंडोज निर्दोष आणि फॉरमॅटचा सल्ला देणारा चूक! तिथे टिकला तर मात्र लगेच निकाल लावू नका. बायोसमध्ये पीसीवर लोड फारसा नसतो.

खरा व्हिलन बऱ्याचदा भिंतीत असतो

दादरला राहणारी माझी एक मैत्रीण घरून व्हिडिओ एडिटिंग करते. तिचा पीसी फक्त दुपारीच रिस्टार्ट व्हायचा. दोनदा फॉरमॅट झाला, एकदा अँटीव्हायरस बदलला. क्लायंटची डेडलाइन हुकली ती वेगळीच. शेवटी तिच्या आईच्या लक्षात आलं, ‘अगं, एसी लावला की तुझा कॉम्प्युटर जातो.’ एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर खाली यायचं. एसी आणि पीसी एकाच लाइनवर होते. इलेक्ट्रिशियनने पीसीला वेगळी लाइन दिली, प्रश्न मिटला. विंडोजचा काही संबंधच नव्हता!

कॅबिनेटमधला एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, वीज गेल्यावर फुल लोडवर जेमतेम सेकंदाचा साठावा भाग तग धरतो. ट्यूबलाइट नुसती लुकलुकली, तरी तेवढा वेळ संपलेला असतो. म्हणून हे तपासा :

* यूपीएसची बॅटरी म्हातारी झाली की तो नावापुरता उरतो. एक दिवस पीसी थेट भिंतीच्या सॉकेटला लावून बघा. रिस्टार्ट थांबले तर दोषी सापडला.
* घरात इन्व्हर्टर असेल आणि त्याला मोडचं बटण असेल, तर ते ‘यूपीएस’ मोडवर ठेवा. दुसऱ्या मोडवर वीज बदलायला जास्त वेळ लागतो. पंख्याला कळत नाही, पीसीला कळतं.
* पीसी, मॉनिटर, प्रिंटर आणि मोबाइलचा चार्जर एकाच स्वस्त एक्स्टेंशन बोर्डवर? आधी तो बदला. कॅबिनेटच्या मागची पॉवर केबल ढिली नाही ना, तेही बघा.
* फक्त गेम खेळताना किंवा व्हिडिओ रेंडर करताना पीसी जात असेल, तर एसएमपीएस कमी पडतोय अशी शंका घ्या. ग्राफिक्स कार्ड अचानक जास्त वीज ओढतं आणि लोकल एसएमपीएस स्टिकरवर लिहिलेले वॅट्स देतोच असं नाही. मित्राचा चांगला एसएमपीएस एक दिवस लावून बघा. स्वतःचा मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो.

डोकं गरम झालंय का?

प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. तरीही भागलं नाही, तर जळण्यापेक्षा थेट बंद होतो. साधारण शंभर डिग्री सेल्सिअसच्या आसपास ही वेळ येते. बायोसमध्ये तापमान दिसतं. काहीच काम चालू नसताना आकडा सत्तर-ऐंशीला असेल, तर कॅबिनेट उघडायची वेळ झाली.

पीसी बंद करा, प्लग काढा आणि कव्हर उघडा. पंख्याच्या पात्यांवर धुळीची गोधडी दिसेल! मऊ ब्रश आणि ब्लोअरने साफ करा. हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. घरातला व्हॅक्यूम क्लीनर नको, त्याच्या स्टॅटिकने पार्ट्स खराब होऊ शकतात. पीसी चार-पाच वर्षांचा असेल, तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट टेक्निशियनकडून बदलून घ्या. आणि कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवू नका. त्यालाही श्वास लागतो!

मेमरीची परीक्षा

रॅम खराब असेल तर रिस्टार्टला काळवेळ नसते. आज फोटोशॉपमध्ये, उद्या नुसतं गाणं ऐकताना. सर्चमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ टाका. पीसी रिस्टार्ट होऊन रॅम तपासतो आणि नंतर निकाल सांगतो. शक्यतो रात्रभर लांबची टेस्ट लावा, कारण एकदा पास झाली म्हणजे रॅम ठणठणीत, असं नाही. रॅमच्या दोन स्टिक्स असतील तर प्लग काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून, एकेक स्टिक काढून बघा. बायोसमध्ये रॅमचा वेग वाढवणारं ‘एक्सएमपी’ प्रोफाइल चालू असेल तर तेही काही दिवस बंद ठेवा.

आणि चूक सॉफ्टवेअरचीच असेल तर?

तरीही फॉरमॅट हा पहिला उपाय नाही. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ नावाचा वर्म आला होता. विंडोज एक्सपीवर साठ सेकंदांचं काउंटडाउन यायचं आणि पीसी रिस्टार्ट. ज्यांनी नुसता फॉरमॅट मारला, त्यांचा पीसी इंटरनेट जोडताच पुन्हा आजारी पडू शकत होता. खरं औषध होतं मायक्रोसॉफ्टचा पॅच, आणि तो जुलैमध्येच आलेला होता!

१९ जुलै २०२४ आठवतो? क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर कोसळले. कितीतरी नुसते रिस्टार्ट होत राहिले. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्यावरचा उपाय? सेफ मोडमध्ये जाऊन एक सदोष फाइल डिलीट करणं. फॉरमॅट नव्हे.

टेक्निशियनकडे जाताना

एवढं करूनही जमलं नाही, तर खुशाल टेक्निशियनला बोलवा. किंवा कॅबिनेट उचलून लॅमिंग्टन रोड गाठा. पण रिकाम्या हाताने नको. कागदावर चार ओळी लिहून न्या : कधी जातो, काय चालू असताना जातो, एररचा फोटो आणि आतापर्यंत काय काय करून पाहिलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगा आणि बदललेला जुना पार्ट परत मागून घ्या.

आणि त्याने कव्हर न उघडताच ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हटलं, तर एकच प्रश्न विचारा : ‘का?’

उत्तर पटलं, तरच पासवर्ड सांगा!