पाण्याचे वेळापत्रक

न्हाणीघरातल्या गीझरला हे नाव आइसलँडमधील ‘गेसिर’ या गरम पाण्याच्या कारंज्यावरून मिळाले. अशा कारंज्यांमध्ये सर्वांत प्रसिद्ध आहे ते अमेरिकेच्या यलोस्टोन उद्यानातील ‘ओल्ड फेथफुल’, म्हणजे ‘जुना विश्वासू’. १८७० साली तेथे पोहोचलेल्या शोधपथकाने त्याला हे नाव दिले.

पाऊस-बर्फाचे पाणी खोल मुरते आणि तप्त खडकांमुळे तापते. वर येण्याची वाट अरुंद असते. वरच्या पाण्याच्या दाबामुळे खालचे पाणी कुकरमधल्यासारखे जास्त तापूनही उकळत नाही. थोडे पाणी वर सांडले की दाब घटतो, खालच्या पाण्याची एकदम वाफ होते आणि शंभर फुटांहून उंच फवारा उडतो.

‘विश्वासू’ असला तरी तो घड्याळाच्या ठोक्यावर उडत नाही. मागचा फवारा अडीच मिनिटांच्या आत संपला, तर पुढचा साधारण तासाभराने येतो. तो जास्त वेळ चालला, तर दीड तास थांबावे लागते. जितका उपसा, तितका भरायला वेळ. याच हिशेबाने उद्यानाचे कर्मचारी पुढच्या फवाऱ्याची वेळ जाहीर करतात, तीही दहा मिनिटे मागे-पुढे धरून.

मात्र मुळात पाणी हवे. या कारंज्याच्या उंचवट्यावर संशोधकांना तेराव्या-चौदाव्या शतकातील झाडांचे लाकूड सापडले. उकळते पाणी उडत असताना तेथे झाड वाढणे शक्यच नाही. म्हणजे त्या काळच्या दीर्घ दुष्काळात हा विश्वासूही कित्येक दशके गप्प होता.

न्यूझीलंडमधील रोटोरुआ येथे दुष्काळ नव्हता, माणसांचा उपसा होता. घरे उबदार ठेवण्यासाठी लोकांनी बोअर मारून गरम पाणी ओढले आणि कारंजी मंदावली. १९८६ साली सरकारने ‘पोहुतू’ कारंज्याच्या दीड किलोमीटर परिसरातील बोअर बंद करण्याचा आदेश दिला. त्यानंतर जमिनीखालचा दाब वाढला आणि कारंज्यांत पुन्हा जोर आला.

आपल्या विहिरीतून कारंजे उडत नाही, म्हणून तिची तक्रार दिसत नाही. पण मोटर बंद केल्यावर पाणी पुन्हा पहिल्या पातळीवर यायला किती वेळ लागतो, हे घरातल्या मुलांना वहीत टिपायला सांगा. तो वेळ वर्षागणिक वाढत असेल, तर विहीर आपल्याला काहीतरी सांगते आहे.